भिलाईची डबरी आणि पिशवीतले मासे

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, तर डोंगरगडनंतर मोबाइल खिशात ठेवा. टेकडीवरचं बम्लेश्वरीचं देऊळ मागे पडतं, राजनांदगाव येऊन जातं, दुर्गच्या अलीकडे शिवनाथ नदीचा पूल धडधडतो. या सगळ्या वाटेवर तुम्हाला तळी दिसत राहतील. कमळांनी झाकलेली, म्हशींनी भरलेली, घाटावर कपडे आपटणाऱ्या बायांची. एक संपतं न संपतं तोच दुसरं.

इकडे तळ्याला तरिया म्हणतात आणि लहानशा तळ्याला डबरी. दुर्गच्या उत्तरेला धमधा नावाचं जुनं गाव आहे. तिथं 'छै आगर छै कोरी' तळी होती, असं लोक सांगतात. कोरी म्हणजे वीस, आपल्याकडची कोडीच की! सहा कोरी म्हणजे १२० आणि वर सहा, असा १२६ तळ्यांचा हिशेब. छत्तीसगडमध्ये तळ्याचं चक्क लग्नही लावतात. मधोमध लाकडी खांब रोवलेलं तळं दिसलं, तर ते लग्न झालेलं तळं समजा. आणि श्रावण वद्य षष्ठीला, इकडच्या कमरछठला, बाया अंगणात छोटी तळी खणून पुजतात. तिला सगरी म्हणतात. त्या दिवशी नांगरलेल्या शेतातलं धान्य चालत नाही, तळ्याकाठी आपोआप उगवणारा पसहर तांदूळ खातात. तळ्यावर इतका जीव लावणारा मुलूख मी दुसरा पाहिला नाही.

भिलाई म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पोलादाचा कारखाना येत असेल. बरोबरच आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. पण पोलादाला पाणी लागतं. बालोदकडच्या तांदुला धरणाचं पाणी कालव्यानं मरोद्याच्या तलावात येतं आणि तिथून कारखान्याला जातं. भिलाईत आलात तर मैत्री बागेतले पांढरे वाघ बघालच, सगळे बघतात. पण एक संध्याकाळ मरोद्याच्या बाजूला काढा. हिवाळ्यात बदकांचे थवे उतरतात आणि मागे चिमण्यांचा धूर दिसतो.

मी इकडे वर्ध्याकडून आलो तो नोकरीसाठी. परत जायचं ठरवता ठरवता निवृत्त झालो आणि इथंच घर बांधलं. आमच्या वस्तीमागे एक डबरी आहे, साधारण दोन बॅडमिंटन कोर्टांएवढी. तिची गोष्ट सांगायची म्हणून एवढी प्रस्तावना केली, कारण तिथं एक चूक मी स्वतःच्या हातानं केली आहे.

२०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली. माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. आमच्या गल्लीत एकाच वेळी चार घरांत ताप होता. शेजारचा सात वर्षांचा मुलगा रुग्णालयात होता आणि त्याची आई रोज संध्याकाळी फाटकापाशी उभी राहून प्लेटलेटचा आकडा सांगायची. अशा दिवसांत माणूस हातावर हात ठेवून बसत नाही. आम्ही निवृत्त मंडळी डबरीकडे बोट दाखवू लागलो. डास तिथूनच येतात, यावर सगळ्यांचं एकमत झालं. ओळखीच्या एका माणसाच्या हौदात गंबूसिया मासे होते. तीन प्लास्टिकच्या पिशव्या भरून मी ते स्कूटरवरून आणले आणि डबरीत सोडले. सोडताना फोटोही काढला. तो अजून आहे माझ्याकडे.

गंबूसिया म्हणजे आपल्या गप्पी माशाचा चुलतभाऊ. तुमच्या गावात आरोग्य खात्यानं विहिरीत, हौदात गप्पी सोडलेले तुम्ही पाहिले असतील. मलेरिया टाळायचा तर गप्पी पाळा, हे भिंतींवर वाचतच आपण मोठे झालो. दोन्ही परदेशी. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे, भारतात १९०८ च्या सुमारास आले. गंबूसिया अमेरिकेतले, ते १९२८ साली इटलीमार्गे आले. मासा बोटाच्या दोन पेरांएवढा, करडा, तोंड वरच्या बाजूला वळलेलं. पृष्ठभागाशी लोंबकळणाऱ्या डासांच्या अळ्या टिपायला अगदी सोयीचं. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, दर महिन्याला डझनांनी. म्हणून तीन पिशव्या पुरतात. खरं तर अर्धी पिशवीही पुरली असती.

मासे सोडल्यावर त्याच आठवड्यात मितानिन घरी तपासणीला आली. छत्तीसगडमध्ये गावोगाव, वस्तीवस्तीत काम करणाऱ्या आरोग्यसेविकेला मितानिन म्हणतात, म्हणजे मैत्रीण. तिनं डबरीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ आमच्या खिडकीखाली गेली. तिथं उन्हाळ्यापासून तसाच राहिलेला कूलर होता. टाकीत चार बोटं पाणी होतं. तिनं टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"बाबूजी, डेंगू के मच्छर तो इहें हे," ती म्हणाली.

हिनं आमची सौ. आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास तळ्यातला नाहीच. त्याला घरातलं साचलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं: कूलर, गच्चीवरची उघडी टाकी, टायर, कुंडीखालची बशी, नारळाची करवंटी. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, त्याचं कारण हेच. डबरीत दुसऱ्या जातींचे डास होत नाहीत असं नाही. काठच्या गवतात होतात. पण ज्या डासासाठी मी स्कूटर काढली होती तो माझ्याच खिडकीखाली होता.

हे झालं घरातलं. डबरीत काय झालं ते कळायला दोन पावसाळे जावे लागले.

आधी ती डबरी कशी होती ते सांगतो, कारण माझ्या डोक्यात 'डबरीत काय असतं, चिखल आणि डास' एवढंच होतं. तुमच्याही डोक्यात तेवढंच असेल तर एक पांढरी थाळी आणि चहाची गाळणी घेऊन कुठल्याही जुन्या, झाडाझुडपांच्या तळ्याकाठी जा. सोबत मुलं असतील तर घसरड्या काठावर त्यांचा हात धरा. गवताच्या मुळांशी गाळणी फिरवून थाळीत उलटी करा आणि दोन मिनिटं काही न करता बघत राहा. आधी काहीच दिसणार नाही. मग ठिपके उड्या मारू लागतील. त्या पाणपिसवा, म्हणजे डाफ्निया. मोहरीएवढ्याही नसतात. दिवसभर पाणी गाळून त्यातलं हिरवं शेवाळ खाणं हा त्यांचा उद्योग. मग एखादा किडा पाठीवर उताणा पोहताना दिसेल, वल्ह्यासारखे दोन पाय मारत. एखादा पाणविंचू काडीसारखा पडून असेल. गोगलगाईची चिमुकली पिल्लं असतील. गोगलगाईला इथं घोंघी म्हणतात आणि तिची भाजी आवडीनं खातात. उन्हाळ्यात पाणी आटलं की ती चिखलात स्वतःला पुरून घेते आणि पावसाची वाट बघते.

आणि नशीब असेल तर चतुराचं पिल्लू मिळेल. हेलिकॉप्टरसारखा उडणारा चतुर आपण लहानपणी दोऱ्याला बांधून उडवायचो (नका सांगू मुलांना). त्याचं बालपण पाण्याखाली जातं. मातकट रंगाचा, सहा पायांचा, फारसा देखणा नसलेला प्राणी. पण त्याचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो, चिमट्यासारखा. डासाची अळी टप्प्यात आली की तो ओठ झटकन पुढे फेकतो आणि अळी तोंडात. गंबूसिया आणायच्या आधीपासून डबरीत डास खाणारे होते, पगाराशिवाय काम करणारे.

माझे मासे या सगळ्यांमध्ये गेले. मासा डासाची अळी कुठली आणि पाणपिसू कुठली हे विचारत बसत नाही. जे तोंडात मावतं आणि डोळ्यांना दिसतं ते खातो. आधी मोठ्या पाणपिसवा, मग उताणे पोहणारे किडे, मग चतुराची नुकती अंड्यातून आलेली पिल्लं. पाणपिसवा गेल्या की शेवाळ खायला कुणी उरत नाही. पाणी हिरवं होतं.

हा माझ्या डबरीवरून काढलेला तर्क नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही संशोधकांनी छोटी प्रायोगिक तळी केली होती. काहींत गंबूसिया सोडले, काहींत नाही. मासे असलेल्या तळ्यांत सूक्ष्म कवचधारी आणि किडे झपाट्यानं घटले, शेवाळ वाढलं आणि पाणी गढूळ झालं. हे १९७२ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. त्यानंतर आणखी दशकं आपण पिशव्या वाहतच राहिलो.

आमच्या डबरीत २०२० च्या पावसाळ्यात मला पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटलं. लॉकडाउनमुळे संध्याकाळी तिथंच फेऱ्या मारायचो. पाणी मटारच्या सारासारखं. काठावर उभं राहिलं की सावली बघून शेकडो करडे मासे एकदम हलायचे. पण वर हवेत काही नव्हतं. दर वर्षी ऑगस्टमध्ये पिवळट चतुरांचे थवे तिथं घिरट्या घालायचे, ते त्या साली दूर शेतावर दिसले, डबरीवर एखाददुसराच. माशांनी हे सगळं केलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मधल्या काळात दोन नवी घरं झाली होती, त्यांचं सांडपाणी डबरीच्या एका कोपऱ्यात उतरत होतं. पाणी हिरवं व्हायला तेही पुरेसं आहे. पण त्या सांडपाण्यानं आणखी एक गोष्ट केली. ही डबरी पूर्वी मे महिन्यात कोरडीठाक पडायची. आता तो कोपरा बारा महिने ओला राहतो आणि माझ्या माशांना उन्हाळा काढायला घर मिळालं आहे.

कोरडं पडण्याची ही गोष्ट मला फार उशिरा समजली. आपल्याला वाटतं, आटतं ते तळं वाईट. पण आटणाऱ्या पाण्यात मासा टिकत नाही आणि म्हणूनच तिथं असे जीव राहतात, जे माशासमोर एक आठवडाही टिकले नसते. कोकणातल्या सड्यांवर, दख्खनच्या खडकांवर पावसाळी डबक्यांत फेअरी श्रिंप नावाचे पारदर्शक, उताणे पोहणारे कोळंबीसारखे जीव होतात. त्यांची अंडी वाळलेल्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पाऊस पडला की काही दिवसांत उबतात. तो पिवळट चतुर, ज्याला वांडरिंग ग्लायडर म्हणतात, तोही अशाच तात्पुरत्या पाण्याचा शोध घेतो. त्याचं पिल्लू महिना-दीड महिन्यात पाण्याबाहेर पडतं, डबकं आटायच्या आत. मोठा झाला की त्याची जात समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जाते. आमच्या मागच्या डबरीतून आफ्रिकेला थेट सेवा होती, आणि मी स्थानकच बंद केलं!

तुम्ही म्हणाल, तळ्यांत मासे पूर्वीपासून होतेच की. होते. मोठ्या तरियांत कोतरी, टेंगना, मोंगरी, बाम असायचे, अजूनही असतात. ते इथलेच. इथल्या किड्यांनी, गोगलगाईंनी त्यांच्यासोबत लपायचं कसं, गवतात राहायचं कसं हे शिकून घेतलेलं आहे. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचं तर माशांवाचून चालतच नाही. त्यांची पिल्लं काही दिवस माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, आणि कित्येक शिंपल्यांना कुठलाही मासा चालत नाही, ओळखीचाच लागतो. पाहुणे मासे वाढून जुने कमी झाले की शिंपल्यांचा पाळणाच हलायचा थांबतो.

पाहुणे काही एकटे गंबूसिया नाहीत. कॉमन कार्प, ज्याला आपल्याकडचे मासेवाले सायप्रिनस म्हणतात, तो १९३९ साली आला, पुन्हा १९५७ मध्ये दुसऱ्या वाणानं आला. तो तळ उकरून खातो. घशातल्या चपट्या दातांनी लहान गोगलगाई फोडतो आणि पाणी सतत ढवळत ठेवतो, मग पाण्याखालच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही. तिलापिया १९५२ चा. उजनीच्या काठावर जाऊन आला असाल तर चिलापी म्हणून खाल्लाही असेल. मादी पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे कुठंही वाढतो. आफ्रिकी मांगूर चोरवाटेनं आला आणि केंद्र सरकारनं २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी तो बाजारात पकडला गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. जगातल्या सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींची शंभरांची एक यादी प्रसिद्ध आहे. त्यात गंबूसिया, कॉमन कार्प आणि तिलापिया तिघंही आहेत.

पण इथं मी जरा थांबतो. तलाव पट्ट्यानं घेऊन मासे पाळणारे केवट आणि ढीमर भाऊ माझ्या ओळखीचे आहेत. उजनीवर चिलापीनं कितीतरी भोई कुटुंबांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत. त्यांना घरात बसून शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही. मोठ्या तलावातली मत्स्यशेती हा पोटाचा प्रश्न आहे, त्याचा हिशेब वेगळा. माझं म्हणणं त्या लहान, बिनमालकीच्या, 'रिकाम्या' वाटणाऱ्या पाण्याबद्दल आहे, ज्यात आपण सहज काहीतरी सोडून येतो. कधी डासांसाठी, कधी पुण्य म्हणून, कधी बदली झाली आणि घरातली काचेची टाकी न्यायची नव्हती म्हणून.

अशा 'रिकाम्या' पाण्याची सगळ्यांत मोठी गोष्ट अमेरिकेतल्याच सिएरा नेवाडा पर्वतात घडली. उंचावरच्या बहुतेक सरोवरांत मासा नव्हताच, धबधबे चढून येणार कसा? लोकांना वाटलं, एवढी सुंदर सरोवरं आणि मासे नाहीत! एकोणिसाव्या शतकापासून खेचरांच्या पाठीवरून ट्राउट नेले, पुढे विमानातून टाकले. पाण्यातले मोठे किडे, पाणपिसवा नाहीशा होत गेल्या आणि बेडूकही. २००१ पासून तिथल्या एका राष्ट्रीय उद्यानानं काही सरोवरांतले मासे जाळ्यांनी काढायला सुरुवात केली. काही वर्षांत किडे परतले, बेडूक परतले. काहींची अंडी तळच्या गाळात तोवर वाट बघत होती.

हे वाचलं आणि मी मच्छरदाणी शोधायला माळ्यावर चढलो.

गेल्या मे महिन्यात डबरीचं पाणी गुडघ्याखाली गेलं तेव्हा मी, शेजारचा तो मुलगा (आता चांगला उंच झालाय, प्लेटलेटची गोष्ट त्याला आठवतही नाही) आणि माझी पुण्याहून सुटीला आलेली नात, तिघं जुनी दुहेरी मच्छरदाणी घेऊन उतरलो. डास खाणारे मासे मच्छरदाणीत धरायचे, यावर नात दोन दिवस हसत होती. तीन वेळा ओढली. बादलीभर मासे निघाले. बगळ्यांची चंगळ झाली. सांडपाण्याच्या कोपऱ्यात दगड आहेत, तिथं जाळी ओढता येत नाही, तेवढे राहिले. त्या दोन घरांशी शोषखड्ड्याबद्दल बोललो आहे. एकानं खणला, दुसरा 'देखते हैं' म्हणतो.

जुलैत नात पुन्हा चार दिवस आली होती. तिला घेऊन मरोद्याकडच्या रस्त्याला गेलो. कडेला चाकोरीत साचलेलं पाणी होतं, ना मासा ना कमळ. तिथं थाळीत तिनं अकरा प्रकारचे जीव मोजले, त्यातलं एक चतुराचं पिल्लू. मग डबरीवर आलो. तिथं सात. त्यात दोन गंबूसिया, लाल बारीक अळ्या, एक घोंघी, आणि पाणपिसवा! थोड्याच, पण उड्या मारत होत्या. नातीनं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, ते चाकोरीतलं पिल्लू इथं आणून सोडू या?"

मी नको म्हणालो. आलं तर ते आपलं आपण उडत येईल.

येत्या मे महिन्यात पाणी उतरलं की मच्छरदाणी पुन्हा काढणार आहे, दगडांच्या कोपऱ्यासाठी या वेळी लहान पिशवीजाळी शिवून घेतली आहे. आणि कूलर? तो घासून, वाळवून गच्चीवर उलटा ठेवलाय. सौ. रोज बघून येते.